राज्य सरकारच्या हातात नक्की असतं तरी काय?

लातूर जिल्ह्यातून लिहिताय, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, आणि सातवी अनुसूची (केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणारी घटनेतली यादी) पाठ झाल्यावर तुम्हाला जी शंका आली ती अगदी योग्य ठिकाणी आली आहे. तुम्ही विचारता: जीएसटी आल्यावर कराचे दर राज्याकडे राहिले नाहीत, मोठ्या योजनांवर केंद्राचं नाव, कर्ज काढायचं तर दिल्लीची संमती. मग एखाद्या राज्याने ‘स्वतःची अर्थव्यवस्था उभी केली’ असं म्हणतात तेव्हा त्याने केलं काय? आणि जाता जाता एक ओळ टाकली आहे की तुमच्या तालुक्यात एमआयडीसीची (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची) पाटी पंधरा वर्षं उभी आहे, भूखंड वाटून झालेत आणि आत बाभळी वाढल्यात. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे. तिच्याकडे येतो, पण जरा लांबून.

मी एकतीस वर्षं सरकारी हिशेबात काढली, त्यातली बरीचशी मंत्रालयात वित्त विभागात. त्यामुळे कुठलीही नस्ती, म्हणजे फाईल, समोर आली की माझी नजर आधी ‘वित्तीय भार’ या परिच्छेदावर जाते. उद्योग किंवा महसूल विभागातला माणूस हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

‘राज्याची ताकद’ असं सरसकट बोलताच येत नाही, हे आधी मान्य करू. महाराष्ट्राच्या महसुली जमेत साधारण दोन-तृतीयांश पैसा स्वतःच्या करांचा असतो. बिहारमध्ये चित्र उलटं, पाऊण हिस्सा जवळपास दिल्लीहून येतो. केंद्राच्या करांतला किती वाटा कुठल्या राज्याला, हे वित्त आयोग सुचवतो. पाटण्याच्या वित्त सचिवाला त्याचा अहवाल म्हणजे वर्षाचा पाऊस. मुंबईच्या सचिवालाही तो हवाच असतो, पण त्याच्यासाठी पेरणी थांबत नाही. त्यात आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळाल्या. बंदर होतं, गिरण्या होत्या, बँका होत्या. आणि एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही: १९५२ पासून जवळपास चाळीस वर्षं केंद्राने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर समान ठेवलं होतं. जमशेदपूरचं पोलाद तिथल्या कारखानदाराला आणि पुण्याच्या कारखानदाराला एकाच भावात. खाण ज्यांच्या अंगणात त्यांना खाणीचा फायदाच उरला नाही, आणि आपले अभियांत्रिकी कारखाने फोफावले. बिहार, बंगाल, ओडिशाच्या लोकांना हे आजही टोचतं आणि त्यांचं टोचणं खरं आहे.

आता दिल्लीच्या पैशाचं बघू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. पेट्रोलच्या एका लिटरवर हिशेब करून दाखवतो. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर केंद्राचा कर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं उपकर आणि विशेष शुल्क या नावांनी. राज्यांबरोबर वाटायचं ते फक्त मूळ शुल्क. उपकर आणि अधिभार वाटपाच्या बाहेर. वाटायच्या करांत राज्यांचा हिस्सा ४१ टक्के. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे सगळ्या राज्यांना मिळून. पंधराव्या वित्त आयोगाने त्यात महाराष्ट्राचा वाटा ठरवला ६.३१७ टक्के. म्हणजे साडेतीन पैशांच्या थोडं वर. त्याच लिटरवर मुंबईत राज्याचा स्वतःचा व्हॅट होता २५ रुपयांहून जास्त. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचा विषय निघाला की सगळ्या पक्षांची सरकारं एकसाथ खोकायला का लागतात, ते यातून कळेल.

पंधराव्या आयोगाच्या काळात (२०२१-२६) आपला वाटा ६.३१७ आणि उत्तर प्रदेशचा १७.९३९ कसा, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत यायचा. त्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन ‘उत्पन्नातील अंतरा’ला होतं. जे राज्य सर्वांत श्रीमंतांपासून जितकं लांब तितका त्याला जास्त वाटा. ‘मुंबई एवढा आयकर भरते आणि परत काय मिळतं’ ही तक्रार मी तरुणपणी फार आवेशाने करत असे. नंतर आवेश उतरला. मुंबईत आयकर भरला जातो कारण कंपन्यांची मुख्यालयं इथे आहेत. तो नफा मिळवला जातो गोरखपूरच्या साबणावर आणि गुवाहाटीच्या विम्यावरसुद्धा. उपकरांबद्दलची तक्रार मात्र मी आजही सोडलेली नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राच्या एकूण करांतला साधारण पाचवा हिस्सा उपकर-अधिभारांचा होता. आयोगाने कागदावर ४१ टक्के म्हणायचं आणि ज्या ताटातून वाढायचं ते ताटच लहान करायचं, असा हा प्रकार.

जीएसटीत राज्याने नक्की काय गमावलं, ते नीट समजून घ्या. पूर्वी विक्रीकराचा दर हे राज्याचं हत्यार होतं, आणि त्याने राज्यांनी एकमेकांनाच जखमी केलं. नव्वदच्या दशकात कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना मालक तीन-चार राज्यांची करसवलतीची पत्रं टेबलावर मांडून बसायचे. शेवटी सगळ्यांनी मिळून १ जानेवारी २००० पासून किमान दर मान्य केले आणि विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करायचं ठरवलं. म्हणजे हे हत्यार जीएसटीच्या सतरा वर्षं आधीच बोथट झालं होतं. जीएसटीने दुसरं केलं. हा कर माल जिथे खपतो तिथे जातो. चाकणला बनलेली गाडी लखनौला विकली तर राज्याच्या वाट्याचा कर लखनौच्या तिजोरीत. पूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर निदान बनवणाऱ्या राज्याला मिळायचा. म्हणूनच महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू अडून बसले होते आणि पाच वर्षं दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याचं केंद्राला कबूल करावं लागलं. ती जून २०२२ ला संपली.

पण जीएसटी परिषदेत, म्हणजे दर ठरवणाऱ्या केंद्र-राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, राज्यं अगदीच बाहुली आहेत असंही नाही. ठरावाला तीन-चतुर्थांश मतं लागतात, एक-तृतीयांश वजन केंद्राचं, बाकी राज्यांचं. केंद्राशिवाय काही होत नाही. पण सगळे हजर असताना ३१ पैकी १२ सदस्यांनी एकत्र ‘नाही’ म्हटलं तर केंद्राचंही अडतं. महाराष्ट्राचं मत एक, गोव्याचंही एकच. प्रत्यक्ष मतदान मात्र आजवर जवळजवळ होतच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरच्या दरासाठी झालं तेवढंच. बाकी सगळं चहापानाच्या वेळी ठरतं.

मग कराच्या बाजूने उरलं काय? मद्य, इंधन, वाहनकर, वीजशुल्क आणि मुद्रांक. यातला मुद्रांक कसा चालतो ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. टाळेबंदीनंतर घरविक्री ठप्प होती. सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, जानेवारी ते मार्च ३ टक्के. ना परिषद, ना दिल्ली. वित्त आणि महसूल विभागाची टिप्पणी, मंत्रिमंडळ आणि राजपत्रातली अधिसूचना. डिसेंबरच्या शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर लोक टोकन घेऊन रात्रीपर्यंत उभे होते. दर कमी करूनही व्यवहार इतके वाढले की बांधकाम धंद्याची चाकं फिरू लागली. यात विकासाची फार मोठी दृष्टी होती असं मी म्हणत नाही, पुढचे ग्राहक आधी ओढले एवढंच काही अंशी झालं. पण राज्याने ठरवलं तर आठवड्यात काय हलवता येतं, याचं हे चांगलं उदाहरण.

इथवर सगळं करांचं झालं. माझ्या मते राज्याची अर्थव्यवस्था करांनी उभी राहत नाही. ती उभी राहते जमीन, पाणी आणि सही या तीन गोष्टींवर. जमीन आणि पाणी राज्य सूचीत आहेत हे तुम्हाला पाठ असेलच. सही म्हणजे राज्याची हमी. महामंडळाने कर्ज घ्यायचं आणि ‘त्याने फेडलं नाही तर आम्ही फेडू’ असं राज्याने लिहून द्यायचं. राज्यघटनेत हिला एक ओळ आहे, पण महाराष्ट्राचा निम्मा भूगोल या ओळीवर उभा आहे.

सहकारी साखर कारखाने घ्या. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला उभा केला तेव्हा शेतकऱ्यांकडे ऊस होता, भांडवल नव्हतं. पुढे हाच साचा झाला. शेतकऱ्याने थोडा भाग घ्यायचा, सरकारने भागभांडवल घालायचं आणि उरलेल्या कर्जाला हमी द्यायची. परवाना दिल्लीचा, पैसा मुंबईचा, ऊस गावचा. कारखान्याबरोबर रस्ता आला, पतसंस्था आली, शाळा-कॉलेज आलं, आणि चेअरमन आमदार झाला. तुम्ही ‘सत्ता आणि अर्थव्यवस्था’ असे दोन शब्द लिहिलेत. पश्चिम महाराष्ट्रात तो एकच शब्द होता. पुढे कित्येक कारखाने बुडाले आणि हमीपोटी सरकारला बँकांची भरपाई करावी लागली. ते बिल भरणाऱ्या टेबलावर मी बसलेलो आहे, त्यामुळे या साच्याचं नुसतं कौतुक माझ्याच्याने होणार नाही. पण तो नसता तर अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि कोल्हापूरची खेडी आज दिसतात तशी नसती, हेही तितकंच खरं.

जमिनीचंही तसंच. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, मार्च १९७० मध्ये स्थापन झाली. ९५ गावांची जमीन घ्यायची, सपाट करायची, विकायची आणि त्याच पैशात शहर उभं करायचं, अशी ती कल्पना. राज्याच्या तिजोरीवर फारसा भार न टाकता एक अख्खं शहर. पण किंमत कुणीतरी दिलीच. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्यातून ‘साडेबारा टक्के’ आलं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढा विकसित भूखंड मूळ मालकाला परत. नवी मुंबईत आजही हा आकडा उच्चारला की पुढचं सांगावं लागत नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी, ७०१ किलोमीटर जमीन गोळा करताना, थेट खरेदी आणि दरावर सरकारने एवढा हात सैल सोडला त्यामागे ही जुनी आठवण होती, असं मला वाटतं.

आता पाणी. इथे जरा जास्त थांबतो, कारण संघराज्य प्रत्यक्षात कसं चालतं हे मला कृष्णेने जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने नाही. पाणी राज्याचा विषय खरा, पण नदी राज्याची हद्द ओलांडून गेली की लवाद येतो. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० दिले. आणि वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल असं म्हटलं. सरकारी भाषेत याचा अर्थ एकच निघाला: तोवर आपलं पाणी अडवून वापरात दाखवलं नाही तर पुढच्या लवादापुढे ‘तुम्हाला लागतंच कुठे’ असं विचारलं जाईल. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत धरणं अर्धवट होती आणि अर्थसंकल्पात पैसा नव्हता. मग १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. महामंडळाने रोखे विकायचे, सरकारने हमी द्यायची. रोखे हातोहात गेले, व्याज त्या काळाच्या मानानेही चढं होतं. पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी मराठवाडा अशी महामंडळं निघाली.

आमच्याकडे तेव्हा एक मोठं कॅलेंडर भिंतीवर असायचं. कुठल्या रोख्याचं सहामाही व्याज कधी, ते लाल पेनने लिहिलेलं. महामंडळाचं उत्पन्न म्हणजे पाणीपट्टी. ती पूर्ण वसूल झाली असती तरी व्याज निघालं नसतं, आणि ती पूर्ण वसूल होत नव्हतीच. तारीख जवळ आली की फोन यायचा: ‘साहेब, तेवढी तरतूद वितरित करा.’ एका महामंडळाने (नाव घेत नाही) एकदा फोनच केला नाही. व्याजाच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला कळलं. त्या रात्री पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका कामाची तरतूद दुसरीकडे वळवण्याचा, प्रस्ताव मी हाताने लिहिला आणि सचिवांच्या घरी जाऊन सही आणली. कारण राज्याच्या हमीचा एक रोखा एक दिवस जरी थकला असता तरी पुढचं प्रत्येक कर्ज महागलं असतं. सहीची ताकद असते ती ही. ती वापरल्याने वाढत नाही, न थकल्याने टिकते.

निकाल काय लागला? धरणं झाली, पण मुदतीच्या धास्तीने एकाच वेळी इतकी कामं काढली की कालवे वर्षानुवर्षं मागे राहिले. भिंत उभी, मागे पाणी, पुढे शेत कोरडं. सगळं कर्ज अखेर राज्याच्याच डोक्यावर आलं. दुसरीकडे, ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये महाराष्ट्राला ६६६ टीएमसी दिले. आधीच्या धावपळीशिवाय हे झालं असतं का, यावर जलसंपदावाले आणि आम्ही अजून भांडतो. त्यांचं म्हणणं, पाणी शंभर वर्षांचं आणि कर्ज वीस वर्षांचं. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

आता दिल्लीने ही वाट अरुंद केली आहे. राज्यावर केंद्राचं कर्ज असेल तर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते, अनुच्छेद २९३ प्रमाणे. केंद्राचं कर्ज नाही असं राज्य शोधून सापडणार नाही. २०२२ पासून महामंडळांनी राज्याच्या जिवावर काढलेलं कर्जही राज्याच्याच मर्यादेत धरायला सुरुवात झाली. केरळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं. दुसऱ्या हाताने केंद्र पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज भांडवली कामांसाठी देतं, पण त्यातल्या बऱ्याच भागाला अटी असतात: अमुक सुधारणा करा, तमुक नाव लावा. कृष्णा खोऱ्याचा अनुभव घेतलेला माणूस म्हणून मला मर्यादा हवी वाटते. ती एकट्या केंद्राने ठरवावी हे पटत नाही, कारण केंद्र स्वतःला तीच शिस्त लावत नाही.

एवढ्यात दमला असाल तर एक वळसा घेऊ. ताकदीचा आणखी एक प्रकार आहे, जो अभ्यासक्रमात एक ओळ असतो: राज्याने स्वतःच्या पैशाने एखादी गोष्ट आधी करून दाखवणं. तुमच्या घरात कुणी पगारदार असेल तर त्यांची पगारचिठ्ठी बघा. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००, कारण घटनेने तेवढीच मर्यादा घातली आहे, ती १९८८ पासून तशीच आहे. हा कर १९७५ साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी लावला. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती, वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली कल्पना तेव्हा राज्यभर गेली. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कायदेशीर कर्तव्य, असा कायदा आपण १९७७ मध्ये केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू केला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला पैसे द्यायचे, तेही राज्याच्याच कायद्याने. दिल्लीने देशभराचा कायदा केला २००५ मध्ये. तामिळनाडूचा शाळेतला दुपारचा डबाही असाच, आधी मद्रासला आणि मग देशाला. केंद्राच्या योजनेवर नाव कुणाचं याची चर्चा करताना मूळ मसुदा कुठून आला हेही बघावं.

आणि एक कडू गोष्ट, तुम्ही मराठवाड्यातून लिहिताय म्हणून. मुंबई दिल्लीबद्दल जी जी तक्रार करते ती सगळी लातूर मुंबईबद्दल करू शकतं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मागास भागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली पिछाडी, मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा मांडला, मधल्या काळात १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. महापालिकांशीही राज्य तसंच वागतं. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, दहिसर-मुलुंडचे नाके ओस पडले, आणि वर्षाला सुमारे सात हजार कोटी स्वतः गोळा करणारी महापालिका महिन्याच्या भरपाईच्या धनादेशाकडे डोळे लावून बसली. राज्याने दिल्लीकडून शिकलेले धडे खाली फार इमानदारीने गिरवले.

तर आता तुमच्या बाभळींकडे. एमआयडीसी ऑगस्ट १९६२ पासून आहे, आणि तिचं यश रिकाम्या भूखंडात कधीच नव्हतं. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूरला कारखाने आले कारण महामंडळाने बारवीचं धरण स्वतः बांधलं आणि स्वतःच्या जलवाहिन्या टाकल्या. १९६४ पासून कारखान्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मागास तालुक्यांना ‘ड’, ‘ड+’ असे गट पाडून सवलती जास्त. पण सवलत तालुक्याच्या हद्दीला लागते आणि कारखानदार नकाशा बघतो. मी पाहिलेल्या कित्येक प्रस्तावांत कारखाना मागास तालुक्यात होता खरा, पण पुण्याकडून येणाऱ्या हद्दीच्या दगडापलीकडे जेमतेम दोन किलोमीटर. आतल्या तालुक्यात जायला सवलत पुरत नाही. तिथे पाणी, पक्का विजेचा फीडर आणि रस्ता लागतो.

लातूरचं तर सांगायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, पुढे पन्नास वाघिणींची आली. ते कृष्णेचं पाणी होतं, कर्जाच्या धावपळीत ज्याच्यासाठी आम्ही रात्री सह्या आणत होतो त्याच खोऱ्यातलं. तुमच्याकडे ते कालव्याने पोचलं नाही, केंद्राच्या रेल्वेने पोचलं. त्या काळात तुमच्या जिल्ह्यात नवा कारखाना काढायला कोण आलं असतं?

म्हणून तुम्ही अभ्यासाबरोबर एक काम करा. माहितीच्या अधिकारात एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे चार गोष्टी मागा: ३२(२) च्या (जमीन घेण्याआधी मालकांना द्यायच्या) नोटिसा कुठल्या वर्षी निघाल्या, भूखंड कोणत्या तारखांना वाटले आणि बांधकामाची मुदत कितीदा वाढवून दिली, त्या क्षेत्रासाठी पाण्याचं आरक्षण कुठल्या प्रकल्पातून किती आहे, आणि वीज उपकेंद्र मंजूर आहे की कार्यान्वित. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘प्रस्तावित’ असं आलं तर भूखंड घेणाऱ्यांनी कारखान्यासाठी घेतलेले नाहीत, भाव वाढायची वाट बघत धरून ठेवलेत, असं समजायला हरकत नाही. आणि मुदतवाढीच्या तारखा निवडणुकांच्या आसपास पडताहेत का, तेवढं एकदा कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. उत्तर आलं की इथेच टाका, आरक्षणाचा आकडा कसा वाचायचा ते मी सांगतो.